शिपायांच्या यादीतला शजरा

निकाहच्या मजलिशीत काझीसाहेब नाव पुकारतात तेव्हा ते एकट्याचे नाव नसते. अमुक बिन अमुक, अमुक बिंत अमुक. मुलाची ओळख वडिलांच्या नावाने आणि मुलीचीही वडिलांच्याच नावाने. निकाहनंतरही हे नाते बदलत नाही. सासरी गेली तरी ती आपल्या अब्बांचीच बिंत राहते. नसब जपावे, कोणाच्या लेकराला दुसऱ्याच्या बापाचे नाव चिकटवू नये, ही शिकवण आपल्याकडे लहानपणापासून मिळते. वर्गात उर्दू शिकवताना ‘बिन’ आणि ‘बिंत’ समजावून सांगायची वेळ आली की मी आता अरबस्तानाबरोबर डेन्मार्कचेही उदाहरण देते. मुले चकित होतात.

युरोपच्या उत्तरेकडच्या या छोट्या देशात दोनशे वर्षांपूर्वी शेतकऱ्याच्या घरी आडनाव नसायचे. पेडर नावाच्या माणसाचा मुलगा येन्स असेल तर तो येन्स पेडरसेन. मुलगी आना असेल तर ती आना पेडर्सडॅटर. ‘सेन’ म्हणजे मुलगा, ‘डॅटर’ म्हणजे मुलगी. पुढे येन्सला मुलगा झाला की तो येन्सेन. म्हणजे दर पिढीला नावाचा शेवट बदलणार. बायकाही लग्नानंतर नवऱ्याचे नाव लावत नसत. 1828 मध्ये राजाने हुकूम काढला की बाप्तिस्म्याच्या वेळीच मुलाला पुढे चालणारे कुटुंबाचे नाव द्यावे, तरी खेड्यांत जुनी चाल कित्येक वर्षे टिकून राहिली. शेवटी नावे गोठली ती जिथे होती तिथेच. आज त्या देशात सर्वांत जास्त आढळणारी आडनावे म्हणजे नीलसेन, येन्सेन आणि हान्सेन. नील्सचा मुलगा, येन्सचा मुलगा, हान्सचा मुलगा. आता मुलीही ‘सेन’च लावतात.

हे मला पुस्तकातून कळले नाही. माझी धाकटी बहीण लग्नानंतर डेन्मार्कमधल्या ऑरहूस शहरात राहते. तिचे मिस्टर तिथे पवनचक्क्यांच्या कामात इंजिनियर आहेत. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले, तेव्हा माझा भाचा सातवीत होता. त्याच्या शाळेने काम दिले होते : आपल्या कुटुंबाचा वृक्ष काढा. भाच्याने मोठ्या कागदावर स्वतःचे नाव लिहिले, वर अम्मी-अब्बू, त्यांच्या वर दादा-दादी आणि नाना-नानी. त्याच्या वर एक-दोन नावे आणि मग कोरा कागद. शेजारच्या घरातला त्याचा मित्र मात्र 1789 सालापर्यंत पोहोचला होता. सात पिढ्या. कोण कोणत्या गावी जन्मला, कोण कुठे चाकरीला गेला, इतकेच काय, एकाची उंची किती होती हेसुद्धा त्याने लिहिले होते.

मित्राच्या खानदानाला कोणी मोठे सरदार समजेल, पण ते लोक दुसऱ्यांच्या शेतावर राबणारे गडी होते. गरीब गड्याची उंची दोनशे वर्षे कोणी जपून ठेवली? भाचा मला त्या मित्राच्या आजीकडे घेऊन गेला. आजीबाई निवृत्त, माझ्यासारखाच शिक्षकी पेशा. चहा झाल्यावर त्यांनी संगणकावर एक जुनी वही उघडून दाखवली. आडव्या रकान्यांची, शाईने भरलेली. ती होती सैन्यभरतीची यादी. डॅनिश भाषेत तिला ‘लेग्ड्सरुले’ म्हणतात.

या यादीची हकिगत सांगायला थोडे मागे जावे लागते. 1733 साली डेन्मार्कच्या राजाने एक बंधन घातले. शेतकरी वर्गातल्या 14 ते 36 वर्षांच्या पुरुषाने ज्या जमीनदाराच्या इलाख्यात तो जन्मला तो इलाखा सोडून जायचे नाही. पुढे ही वयाची मर्यादा वाढत गेली आणि 1764 मध्ये 4 ते 40 वर्षे झाली. चार वर्षांचे पोरसुद्धा जमिनीला बांधलेले. सैन्यासाठी शिपाई पुरवणे जमीनदाराच्या हातात होते. कोणाला पाठवायचे ते तोच ठरवणार. साहजिकच जो तोंड वर करून बोलेल त्याच्या नशिबी पलटण यायची, आणि सगळेच त्या धाकात राहायचे.

20 जून 1788 रोजी हे बंधन रद्द झाले. 14 वर्षांखालची मुले आणि 36 वर्षांवरचे पुरुष लगेच मोकळे झाले, बाकीचे टप्प्याटप्प्याने, आणि 1 जानेवारी 1800 पासून सगळेच. कोपनहेगनच्या मुख्य रेल्वे स्टेशनजवळ या सुटकेची आठवण म्हणून उभारलेला उंच स्तंभ आजही आहे. पण सैन्याला माणसे तर हवीच होती. जमीनदार मध्ये नाही म्हटल्यावर मोजणी सरकारने स्वतःकडे घेतली. सारा मुलूख छोट्या छोट्या विभागांत वाटला. एक विभाग म्हणजे एक ‘लेग्ड’, साधारण एका चर्चच्या हद्दीएवढा. प्रत्येकाला नंबर. आणि 1789 पासून त्या त्या विभागात शेतकरी वर्गाच्या घरी जन्मलेल्या प्रत्येक मुलग्याचे नाव वहीत चढू लागले. पाळण्यात असतानाच. वीस वर्षांनी तो शिपाई होण्याजोगा होईल, म्हणून आजच त्याचा हिशेब.

दर तीन वर्षांनी मुख्य यादी नव्याने लिहायची आणि मधल्या वर्षांत नवे जन्मलेले व नव्याने आलेले यांची पुरवणी जोडायची, अशी पद्धत होती. एका रकान्यात बापाचे नाव, त्याखाली त्याच्या मुलग्यांची नावे. पुढे जन्मगाव, वय, उंची, राहण्याचे ठिकाण आणि शेवटी शेरा : मेला, अपंग म्हणून सुटला, गाव सोडून गेला. प्रत्येक नावाला दोन नंबर असत, एक मागच्या यादीतला आणि एक या यादीतला. नव्या यादीतला जुना नंबर पाहायचा, मागची यादी काढायची, तिथे तो माणूस सापडतो. तिथून आणखी मागची. नंबरांची ही साखळी धरून माणूस आपल्या पूर्वजाच्या पाळण्यापर्यंत जाऊन पोहोचतो.

गाव सोडले तरी ही साखळी तुटत नव्हती. विभाग बदलला की कळवणे सक्तीचे होते. जुन्या यादीत लिहायचे की हा अमक्या विभागात गेला, नव्या यादीत लिहायचे की हा तमक्या विभागातून आला. शेतगडी दर एक-दोन वर्षांनी धनी बदलत फिरायचे. त्यांचा माग दुसऱ्या कोणत्याच दप्तरात इतका नीट लागत नाही.

चर्चच्या वह्यांत जन्म, लग्न, मृत्यू लिहिलेले असतात. पण कोणते चर्च हेच माहीत नसेल तर शोधायचे कुठे? 1787, 1801, 1834 आणि 1840 च्या शिरगणत्या आहेत, पण त्यांत माणसाचे नाव आणि वय मिळते, जन्मगाव मिळत नाही. जन्मगाव लिहायला सुरुवात झाली 1845 च्या शिरगणतीत. त्याआधीच जो मेला तो कुठून आला होता, हे कळायचा मार्ग बहुतेक वेळा बंद. एकाच चर्चच्या हद्दीत पाच पाच येन्स पेडरसेन असायचे, त्यांतला आपला कोणता? इथे शिपायांची यादी कामाला येते. तिच्यात बाप आहे, वय आहे आणि जन्मगावही आहे.

आजीबाईंचा एक पूर्वज असाच अडला होता. 1815 मध्ये त्याचे लग्न झाले आणि 1843 मध्ये तो वारला. त्याचे जन्मगाव घरात कोणालाच ठाऊक नव्हते. आजीबाईंनी लग्न झालेल्या गावची यादी काढली. त्या नावाचे तिघे निघाले. एकाचे वय जुळत नव्हते, दुसरा लग्नाआधीच वारला होता, राहिला तिसरा. त्याच्या नंबरावरून 1811 ची नोंद मिळाली. दुसऱ्या विभागातून आलेला. तिथून 1806, आणखी एक विभाग. आणि शेवटी 1789 ची पहिली यादी : दोन वर्षांचे पोर, वर बापाचे नाव, बाजूला गावाचे नाव. बंधन उठले तेव्हा हे पोर एक वर्षाचे होते, म्हणजे लगेच मोकळे झालेल्यांपैकी. 1806 च्या नोंदीत उंची साडेबासष्ट इंच. डॅनिश इंच आपल्या इंचाहून थोडा मोठा, म्हणजे आपल्या हिशेबाने सव्वापाच फुटांच्या थोडा वर. शेऱ्यात लिहिले होते की डावा पाय वाकडा, सैन्याला निरुपयोगी.

तो शेरा मला दाखवताना आजीबाई थांबल्या. म्हणाल्या, “राजाच्या उपयोगाचा नव्हता. म्हणून तर मी आहे.” त्या काळात इंग्रजांनी 1807 मध्ये कोपनहेगनवर तोफा डागल्या होत्या आणि पुढे 1814 पर्यंत लढाई चालली होती. वाकड्या पायाने त्या गड्याला त्यातून वाचवले, असे त्यांच्या घरात आता मानतात.

ही वाचायला सोपी गोष्ट नाही. लिपी जुन्या गॉथिक वळणाची, आजच्या डॅनिश पोरांनाही न वाचता येणारी. आपल्याकडे मोडीचे किंवा शिकस्त उर्दूचे कागद समोर आले की जसे होते तसेच. पण राष्ट्रीय दप्तरखान्याने या वह्यांच्या पानांची चित्रे मोफत पाहायला ठेवली आहेत. अमेरिकेत गेलेल्या डॅनिश कुटुंबांची पणतवंडेही घरबसल्या त्या चाळतात. मात्र मर्यादा माहीत असाव्या लागतात. 1849 पर्यंत ही यादी फक्त शेतकरी वर्गाची होती. शहरातले लोक, पाद्री, अधिकारी यांची पोरे तिच्यात नाहीत. समुद्रकाठच्या खलाशांची यादी वेगळी, कारण ते आरमाराकडे जायचे. 1849 मध्ये सर्व वर्गांना लष्करी सेवा लागू झाली, तेव्हापासून श्रीमंतांची मुलेही यादीत आली. पण जन्मापासून नाव चढवणे तिथेच थांबले. आधी पंधराव्या आणि 1869 पासून सतराव्या वर्षी नोंद होऊ लागली. म्हणजे गरिबाला शोधायचे तर जुनी यादी जास्त उपयोगी, असा उलटा हिशेब.

आणि या यादीत एकही मुलगी नाही. वाकड्या पायाच्या त्या गड्याला बहिणी होत्या का? यादी सांगत नाही. त्याच्या आईचे नावही तिथे मिळत नाही. आजीबाईंच्या वृक्षावर मी नीट नजर टाकली. बापांची रांग सरळ वर गेलेली, आणि आयांच्या बाजूला दोन-तीन पिढ्यांनंतर जागोजाग रिकाम्या चौकटी. राजाला मुलगे हवे होते, म्हणून मुलगे लिहिले गेले. आता त्या देशाने कायदा बदलला आहे. 1 जुलै 2025 नंतर ज्या मुलींना 18 वर्षे पूर्ण होतील, त्यांचीही नावे मुलांप्रमाणेच सैन्यभरतीच्या सोडतीत येतील. दोनशे छत्तीस वर्षांनी मुली यादीत आल्या, त्याही सरकारला शिपाई कमी पडू लागल्यावर.

घरी परतताना भाच्याने विचारले, “खाला, आपल्या लोकांची यादी कुणीच केली नाही का?”

मी त्याला जे सांगितले ते इथेही सांगते. इंग्रजांच्या राज्यात हिंदी लोकांसाठी सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा झाला नाही. म्हणून आपल्याकडे पाळण्यातल्या पोरांची तशी यादी नाही, आणि नाही त्याचे दुःखही नको. ज्या यादीने आजीबाईंना पूर्वज दिला, तीच यादी त्या पूर्वजाला भीतीची वाटत असणार. गाव बदलले की वर्दी द्यायची, नाव खोडले जाईल तो दिवस मोजायचा.

पण सैनिकांची एक दुसरी वहीही इतिहासात आहे, आणि ती आपल्या घरात मुलांना सांगण्यासारखी आहे. हजरत उमर (रजि.) यांनी आपल्या खिलाफतीत ‘दीवान’ नावाची नोंदवही तयार करवली. काम सोपवले ते वंशावळीच्या जाणकारांवर : अकील बिन अबी तालिब, मखरमा बिन नौफल आणि जुबैर बिन मुतइम (रजि.). नावे घराण्यांनुसार लिहायची होती, आणि सुरुवात प्रेषितांच्या (स.) घराण्यापासून. बद्रच्या लढाईत जे होते त्यांचा वाटा मोठा, मग पुढच्यांचा. ही यादी माणसांना बांधून ठेवण्यासाठी नव्हती, बैतुलमालमधून त्यांचा वजीफा त्यांना पोहोचवण्यासाठी होती. तिच्यात स्त्रियाही होत्या. उम्महातुल मोमिनीन होत्या, हिजरत केलेल्या बायका होत्या.

लहान मुलांची हकिगत तर प्रसिद्धच आहे. आधी नियम असा होता की दूध सुटलेल्या मुलालाच वजीफा मिळेल. एका रात्री मदिन्याबाहेर उतरलेल्या काफिल्यावर पहारा देताना हजरत उमर (रजि.) यांच्या कानावर एका बाळाचे रडणे वारंवार येत राहिले. विचारल्यावर आई म्हणाली, मी त्याचे दूध तोडते आहे, कारण उमर दूध पिणाऱ्या बाळाला काही देत नाही. तिला समोर कोण उभे आहे ते ठाऊक नव्हते. सकाळी दवंडी पिटली गेली की मुलांचे दूध घाईने तोडू नका, यापुढे जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे नाव लिहिले जाईल. डेन्मार्कच्या राजानेही पाळण्यातले बाळ लिहिले, हजरत उमर (रजि.) यांनीही लिहिले. एकाने घेण्यासाठी, एकाने देण्यासाठी.

नावे का लिहिली जातात, हे मला माझ्या शाळेतही दिसते. दरवर्षी जून-जुलैत पालक येतात. कोणी बागवान, कोणी मोमीन, कोणी तांबोळी, कोणी पिंजारी. मुलीला इंजिनियरिंगला प्रवेश मिळतोय, जात पडताळणीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा हवा. मग आम्ही कपाटातून जुने जनरल रजिस्टर काढतो. आजोबा पहिलीत दाखल झाले त्या दिवशी गुरुजींनी टाकाने लिहिलेली एक ओळ. कधी ती मिळते आणि मुलीचे वर्ष वाचते. कधी आजोबा शाळेतच गेलेले नसतात, मग तहसीलमधले कोतवाल बुक, मोडी वाचणारा माणूस, चकरा. त्या गुरुजींना थोडेच ठाऊक होते की ही ओळ साठ वर्षांनी नातीच्या कामाला येईल! आणि या सगळ्या रजिस्टरांतही बापाचे नाव असते, आईचे नसते. महाराष्ट्र सरकारने 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव सक्तीचे केले. त्याआधीच्या आया कुठे आहेत? घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात, आणि तेवढेच.

म्हणून मी आणि माझ्या बहिणीने ठरवले की कोणाच्या दप्तराची वाट पाहायची नाही. भाच्याचा कागद पुढे ठेवून आम्ही गावी आमच्या फुप्पीअम्मांना फोन लावला. त्या तेव्हा 84 वर्षांच्या होत्या. अब्बांच्या बाजूची नावे त्यांनी भराभर सांगितली, चार पिढ्या. मग बहिणीने विचारले, “फुप्पीअम्मा, दादाअब्बांच्या अम्मीचं नाव काय होतं?” पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, “तिला सगळे बडीमाँच म्हणायचे. नाव... थांब, आठवते मला.” दोन दिवसांनी पहाटे त्यांचाच फोन आला. नाव आठवले होते. शिवाय त्यांच्या माहेरचे गाव, त्यांना तीन बहिणी होत्या हे, आणि त्या पटकीच्या साथीत गेल्या हेही. भाच्याने ते नाव चौकटीत लिहिले. त्याच्या वृक्षावर बापांपेक्षा आयांची नावे जास्त झाली. त्याच्या बाईंनी वर्गात विचारले तेव्हा त्याने सांगितले की आमची यादी राजाने नाही, फुप्पीनानींनी लिहून दिली. पुढच्याच हिवाळ्यात फुप्पीअम्मा अल्लाहला प्यारी झाल्या.

आपल्या वाचकांनाही माझे एवढेच सांगणे आहे. खानदानाचा अभिमान मिरवायला नसब नको. कुळे आणि कबिले एकमेकांची ओळख पटावी म्हणून आहेत आणि मोठेपण तकव्यात आहे, हे कुरआनने सांगितलेच आहे. पण ओळख तरी राहिली पाहिजे. एक साधी दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक पानावर एक माणूस. नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, आईच्या माहेरचे गाव, जन्माचे साल अंदाजे असेल तर तसे लिहून, काम काय केले, कुठून कुठे गेले. शाळेच्या दाखल्यावर नाव वेगळे लागले असेल तर तेही. कोणी सांगितले आणि कोणत्या तारखेला, हे खाली लिहा. मुली आधी लिहा, कारण त्या दुसऱ्या कुठेच सापडणार नाहीत.

एक गोष्ट मात्र आम्ही डेन्मार्ककडूनच घेतली. 1814 पासून तिथल्या चर्चच्या जन्ममृत्यूच्या वह्या दोन प्रतींत लिहिल्या जात, आणि नियम असा होता की दोन्ही प्रती एका रात्रीपुरत्याही एका छपराखाली ठेवायच्या नाहीत. घराला आग लागली तरी एक वाचावी. आमच्या वहीचीही एक प्रत ऑरहूसला भाच्याच्या टेबलाच्या खणात आहे, आणि दुसरी माझ्याकडे, अम्मीच्या लोखंडी पेटीत.